लाइटचं बिल माझं

दि. ५ एप्रिल

चि. ठकूस,

दादाचा आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली. तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार. पाकीट तेच आधी फोडणार, तेव्हा नमस्कार पोचला असं धरून पुढे लिहितो.

मी मजेत आहे. लाँड्रीत हल्ली इस्पितळाच्या चादरी येतात, डोंगरच्या डोंगर. धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्रीच्या यंत्रातून काढायच्या आणि दोघांनी चार कोपरे धरून घड्या घालायच्या. माझ्या समोर एक बाई असतात. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही, पण घडी एका दमात पडते. लहानपणी आपण आईच्या साड्यांच्या घड्या घालायचो, तशी. तू मध्येच कोपरा सोडून पळायचीस, या बाई पळत नाहीत, एवढाच फरक.

अण्णांना म्हणावं, या वेळी ओळी बघा! काम संपल्यावर इस्त्रीच्या टेबलावरच बसून लिहितोय, डोक्यावर भला मोठा दिवा आहे, एक ओळ इकडची तिकडे नाही. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या पोटी आलो. "ओळ पडली की पाटी पडली" म्हणत त्यांनी बोटांवर मारलेली फूटपट्टी अजून आठवते. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, म्हणून या जमान्यात मी पत्रं लिहितो. इथल्या पोस्टातली मुलगी मला बघितलं की तिकिटं शोधायला आत जाते, इतकं गिऱ्हाईक त्यांना सवयीचं राहिलेलं नाही.

आता कामाचं. लाइटचं बिल फुगलंय. फेब्रुवारीत नवे मीटर बसवले तेव्हापासून जवळजवळ दुप्पट येतंय. पगार झाला की भरतो मी, काळजी करू नकोस. निघताना अण्णांना म्हणालो होतो ना, "बाकीचं घर ठकू चालवते, पण लाइटचं बिल माझं." तेवढं एक बिल फोनवर आलं की मला घरी डोकावल्यासारखं वाटतं. युनिट बघून सांगू शकतो, या महिन्यात पाहुणे होते, या महिन्यात तुम्ही दोघं चार दिवस कुठे गेला होता. आई अंथरुणाला होती त्या महिन्यात दिवा रात्रभर जळत होता, तेही मला बिलातच दिसलं होतं. मग आता एवढं काय जळतंय? एसी घेतलास का गुपचूप? घेतला असशील तर सांग. अण्णांना गारवा मिळत असेल तर चांगलंच आहे.

शेजारच्या सरांनी घरातच शिकवणीचा क्लास काढला म्हणतेस. पोरांचा दंगा अण्णांना ऐकू येत नाही हे एक बरं.

तुझा,
दादा


दि. ३ मे

चि. ठकूस,

आशीर्वाद. अण्णांना नमस्कार तोंडी सांग. हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे, म्हणून पाकिटावर तुझंच नाव घातलंय.

एसी नाही, गीझर बंद, इस्त्री बाहेर देतेस. मग वीज काय उंदीर खातात? या वेळचं बिल आधीच्या तिप्पट आहे. तिप्पट! शेजारचे सर घरी येऊन अण्णांना म्हणाले म्हणे, "आमचं बिल तुमच्या निम्मं येतं. काटकसर अंगी असावी लागते हो." अण्णांनी आयुष्यात एक बिल थकवलं नाही. पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत उभे राहायचे. त्यांना परक्या माणसानं काटकसर शिकवायची, ही वेळ कुणामुळे आली?

इकडे पैसे झाडाला लागत नाहीत. मी चादरींच्या वाफेत उभा राहतो तेव्हा तिकडे तुमचा पंखा फिरतो, हे कधी तरी डोक्यात येऊ दे. तू दिवसभर दवाखान्यात केसपेपर काढत बसतेस, घरात काय चालू आणि काय बंद याकडे तुझं लक्ष नसतं. हे मी आई होती तेव्हापासून बघतोय.

गेल्या महिन्याचं बिल मी भरलेलं नाही आणि हेही भरणार नाही. हिशेब लागेपर्यंत नाही. तूही भरायचं नाहीस, ते माझं आहे. लाइन तोडायला आले तर येऊ देत. त्याशिवाय कुणाला अक्कल येणार नाही.

कामाच्या वेळा जरा बदलल्यात, म्हणून टेबल मिळालं नाही. अक्षर सांभाळून घे.

दादा


दि. २७ मे

चि. ठकूस,

तुझं पत्र मिळालं. काय लिहू?

"अण्णांना कुणी सांगितलं होतं तुझं पाकीट फोडायला" असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडून टाकला. आपल्या घरात पत्र कुणाच्याही नावाचं असो, अण्णाच फोडतात, मोठ्यानं वाचतात आणि मग ज्याचं त्याला देतात. तुझ्या नोकरीचं पत्रसुद्धा असंच सगळ्या जिन्यानं ऐकलं होतं. हे मला माहीत नव्हतं का? पाकिटावर तुझं नाव घातलं म्हणजे झालं, असं मला वाटलंच कसं!

तू लिहितेस, ते पत्र वाचून त्यांनी घडी घातली, तुला दिली आणि उठून पंखा बंद केला. त्या दिवसापासून दिवा नाही, पंखा नाही. एवढ्या उकाड्यात खिडकीशी उघडे बसायचे. तू दिवा लावलास की येऊन मालवायचे. आणि मग पहाटे दिवा न लावता मोरीकडे जायला निघाले आणि उंबऱ्याला अडखळून पडले. खुब्याचं हाड. या वयात, त्यांच्या हृदयाला ऑपरेशन सोसणार नाही म्हणतात. म्हणजे आता अंथरूणच.

तू म्हणतेस, "उंटावरून शेळ्या हाकायचं आता तरी बंद कर." म्हण. तुझा हक्क आहे. फोन उचलत नाहीस, तेही ठीक आहे. पण हवेची गादी आणलीस का, एवढं कळव. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंप चोवीस तास चालवायचा असतो, आमच्याकडे चादरी यायच्या त्या इस्पितळातही तेच असतं. पैशाकडे बघू नकोस. थकलेली बिलं मी सोमवारी भरतो.

मी यायला निघालोच असतो, पण रजा मिळत नाही. नव्या साहेबाचा कारभार वेगळाच आहे. इथे आता कडाका सुरू झालाय. तुमच्याकडे उकाडा आणि आमच्याकडे थंडी, सगळंच उलटं. दोन स्वेटर घालून बसलोय. खोलीत हीटर आहे, पण त्याची कोरडी हवा मला मानवत नाही.

अण्णांना सांग, दादा रागावलेला नाही. त्यांच्याशी बोलायच्या खडूच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखव.

दादा


दि. १६ जून
(दवाखान्याच्या पत्त्यावर)

ठकू,

हे पत्र मुद्दाम तुझ्या कामाच्या ठिकाणी पाठवतोय. वरातीमागून घोडं, पण निदान आता तरी अण्णांच्या हाती पडायला नको.

मी सोमवारी बिल भरलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. मग वायरमन आला, थकबाकीपायी आपल्या मीटरची लाइन तोडून गेला, आणि आपल्या घरात अण्णांच्या गादीचा पंप चालूच राहिला! काळोख झाला तो शेजारी. क्लासचा एसी बंद पडला आणि सुट्टी मिळाली म्हणून पोरांनी आरोळी ठोकली. वायरमननं परत येऊन पेटी उघडली तेव्हा कळलं, नवे मीटर बसवताना दोन घरांच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. एवढे महिने मी सरांच्या क्लासचा एसी चालवत होतो, आणि अण्णा आपल्या घरात दिवे मालवून सरांचं बिल कमी करत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मी हसलो, ठकू. खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. मग भिंतीला टेकून बसलो तो बसूनच राहिलो.

तू त्याच दिवशी सगळी थकबाकी भरलीस आणि फोनवर लिहून मला एकच विचारलंस, "एवढा कसला राग होता रे तुला, की शब्द देऊनही भरलं नाहीस?"

राग नव्हता. पैसे नव्हते.

इस्पितळानं चादरींचं काम दुसऱ्या लाँड्रीला दिलं. एप्रिल संपता संपता आमच्यातल्या निम्म्या लोकांना काढलं, त्यात मी. समोरच्या बाईही. त्या दिवशी शेवटची चादर आम्ही दोघांनी जरा जास्तच नीट घडी केली. तुला ते रागाचं पत्र लिहिलं तेव्हा माझं काम सुटून चार दिवस झाले होते. वाफेत उभा राहतो वगैरे सगळं खोटं. तुझ्या बिलाचा आकडा बघितला आणि जवळचे पैसे मोजले. माझ्याकडे नाहीत असं लिहायला हात धजेना. तुझ्यावर ओरडणं सोपं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून झाकत गेलो.

खोलीत आम्ही तिघं होतो, मी, एक ड्रायव्हर आणि एक स्वयंपाकी. ते दोघं दुसरीकडे काम मिळालं तसे निघून गेले. विजेचं बिल माझ्या नावावर होतं, ते माझ्या गळ्यात राहिलं. तुझ्या दारावर नोटीस लागली तेव्हा माझ्याही दारावर होती, फक्त भाषा वेगळी. मेच्या मध्यावर माझी लाइन तोडली. इथे वायरी उलट्या नव्हत्या. हीटरची हवा मला उत्तम मानवते, ठकू. तो चालतच नाही. दिवसा बाजारात पेट्या उतरवायचं काम मिळतं, कधी मिळतं, कधी नाही. त्यातून भाडं जेमतेम निघतं.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, अण्णा पंपाचा प्लग काठीनं ओढून काढतात. प्लग कपाटामागे नेलास तर वायरच ओढली. पंपाचा तो लाल दिवा दिसला की "मालव, दादाला भुर्दंड" म्हणतात. पाठीची जखम खोल चाललीय आणि पंप असाच बंद राहिला तर ती हाडापर्यंत जाईल, मग आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणालेत. वायरींची हकिगत तू पाटीवर लिहून दाखवलीस तर म्हणाले, "माझी समजूत काढू नकोस." विश्वास फक्त माझ्या अक्षरावर.

म्हणून आज त्यांनाही वेगळं पत्र लिहून घरी धाडतोय. त्यातलं वायरींचं खरं आहे, माझ्याबद्दलचं सगळं खोटं आहे. ते तू खरं धरून चाल. हे पत्र मी दुपारी बाजारात पेट्यांवर बसून लिहिलंय. त्यांचं खोलीवर जाऊन निवांतपणे लिहितो.

माझ्यामुळे पडले ते. हे मी कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि तुझ्याशिवाय मला कुणी नाही.

दादा


दि. १६ जून

तीर्थरूप अण्णांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. तुमच्या पायाचं कळलं, फार वाईट वाटलं.

अण्णा, ठकूनं पाटीवर लिहिलं ते अगदी खरं आहे. वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. आपल्या घरात वीज कधीच जास्त जळली नाही. काटकसर सरांना शिकवायला हवी होती, तुम्हाला नव्हे. आता बिल पूर्वीसारखं अगदी थोडं येईल. मी रागाच्या भरात जे लिहिलं ते विसरा. माझी चूक झाली.

माझं काम जोरात चालू आहे. साहेबांनी पगार वाढवला. खोली उबदार आहे. पायाशी हीटर आहे, टेबलावर मोठा दिवा आहे, त्याच्या उजेडात हे लिहितोय. तेव्हा माझी काळजी नको. तुम्ही पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा. पंखा लावायचा. दिवा लावायचा. लाइटचं बिल माझं आहे, तुम्ही त्याच्याकडे बघायचं नाही, असं तुमच्या पाया पडून सांगतो.

आपला,
दादा


दि. १ जुलै

दादा,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. माझं दवाखान्यात वाचलं, केसपेपरांच्या गठ्ठ्याआड तोंड लपवून. घरी आले तर दुसरं अण्णांच्या हातात, फोडलेलं.

त्यांनी जाड भिंगाचा चष्मा मागितला आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागले. शेजारच्या सरांनाही ऐकू गेलं असेल, जाऊ दे. (त्यांनी अजून छदाम दिलेला नाही. ऑफिसात अर्ज करा म्हणतात.) पंपाच्या ओळीशी आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी धावत जाऊन प्लग लावला. लाल दिवा लागला. त्यांनी काठीला हात लावला नाही. मला इतकं हायसं वाटलं की चहा टाकायला गेले.

चहा घेऊन आले तर त्यांनी कागद डोळ्यांसमोर आडवा धरला होता, एक डोळा मिटून. पाटी रंगवून झाली की बघायचे ना, तसा. मला जवळ बोलावलं.

"ही ओळ बघ. खालच्या ओळीवर जाऊन बसलीय."

मी पाटीवर लिहिलं, "घाईत लिहिलं असेल."

त्यांनी तळहातानं ते पुसलं. म्हणाले, "घाईत अक्षर बिघडतं, ओळ नाही. इथे बघ, शब्दावर शब्द चढलाय. आणि इथे शाई संपली तरी हा तसाच कोरडा लिहीत गेलाय. त्याला दिसलंच नाही." मी कागद खिडकीशी नेला. 'टेबलावर मोठा दिवा आहे' या ओळीतला 'दिवा' नुसता ओरखडा होता, दादा. शाईच नव्हती.

"हा अंधारात बसून लिहितोय," अण्णा म्हणाले. "त्याच्याकडे दिवा नाही आणि मी इथे पंप चालवू होय?" आणि काठी घेऊन प्लग ओढला.

मला त्यांचा राग आला, तुझाही आला. मोरीत जाऊन रडले. खोटंच लिहायचं होतं तर उजेडात बसून लिहायचं होतंस रे! माझं लिहिलंस ना बाजारात, मग त्यांचंही तिथेच उरकायचं होतंस. तुला वाटलं बापाचं पत्र निवांत लिहावं. तुझ्या निवांतपणानं घात केला.

तुझ्यावर रागावायचं म्हणून फोन उचलत नव्हते. आता कर, मी उचलीन. पण फोनवर त्यांचं समाधान होणार नाही. फोटो दाखवला तरी म्हणतील, फोटोत कुणाचाही दिवा असतो. त्यांना तुझ्या ओळी हव्यात.

म्हणून नीट ऐक. तुझ्या खोलीच्या बिलाचा नंबर आणि थकलेला आकडा फोनवर पाठव. इतकी वर्षं तू तिथून इथलं भरलंस, मला इथून तिथलं भरता येईल. दवाखान्यातल्या पोरांकडून शिकून घेतलंय. पगारावर उचलही घेतलीय. "नको", "कशाला", "मी बघतो" यातलं काही मला ऐकायचं नाही. हे बिल माझं.

मग दिवा लाव आणि त्याच्याखाली बसून लिही. खरं लिही, कामाचं, थंडीचं, सगळं. ओळी सरळ येऊ देत, एवढंच बघ. जखमेत काल हाड दिसलं. डॉक्टर माझ्याशी बोलताना केसपेपरकडे बघत होते. तुझं पत्र यायला दहा-बारा दिवस लागतात, दादा. लवकर लिही.

तुझी,
ठकू

ता. क. खालची ओळ अण्णांची आहे. उताणं झोपून लिहिलीय, तरी बघ, सरळ आहे.

चि. दादास, आधी तू लाव, मग मी लावतो.